धुरपा, तुझ्या गाळातून निघालेला हायड्रोजन

धुरपा, तुझं खरं निघालं. बॅटरी काढून टाकली त्याला आज बारा दिवस झाले आणि तुझे बॅक्टेरिया जिवंत आहेत. नुसते जिवंत नाहीत, रोज ऊन चढलं की कामाला लागतात आणि दुपारपर्यंत नळीत हायड्रोजन भरून ठेवतात. तू असतीस तर एव्हाना टेबलावर थाप मारून म्हणाली असतीस, "सांगत व्हते का नाय?" पण तू जाऊन आज एकोणीस दिवस झाले. अगदी थोडक्यात हुकलं गं तुझं हे बघायचं.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. द्रौपदी या तुझ्या कागदावरच्या नावानं सगळे बोलले. मेंढपाळाच्या घरातली पहिली पदवीधर, पहिली डॉक्टरेट, गुणी, कष्टाळू. सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठंच नव्हतीस. मी बोलायला उठले नाही. लोकांना वाटलं हिला रडू आवरत नाहीये. रडू येत होतं, नाही असं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि एक गोष्ट मी तुला कधी सांगितलीच नाही.

तू प्रयोगशाळेत आलीस तेव्हा शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं. माझं संशोधन सुरू होऊन वर्ष झालं होतं, म्हणून आपल्या मार्गदर्शक सरांनी तुला काम समजावून सांगायला माझ्याकडे पाठवलं. मी मोठ्या ऐटीत सांगायला लागले. पाण्यात वीज सोडली की पाणी फुटतं, एकीकडं ऑक्सिजन निघतो, दुसरीकडं हायड्रोजन. हायड्रोजन इंधन म्हणून जाळला तर धूर नाही, त्याचं परत पाणीच होतं. आणि वीज जर उन्हाची असेल तर मग सगळंच स्वच्छ. अडचण एवढीच, की हायड्रोजनच्या बाजूचं काम नीट व्हायचं तर तिथल्या इलेक्ट्रोडवर प्लॅटिनम लागतं, आणि ते सोन्यासारखं महाग. पण काही बॅक्टेरिया असे असतात, जे साध्या ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडला चिकटून बसतात, त्यातली वीज स्वतः घेतात आणि हायड्रोजन सोडतात. आपल्याला ते बॅक्टेरिया वाढवायचेत.

तू काचेच्या त्या दोन जोडबाटल्यांकडं, मधल्या पातळ पडद्याकडं, काळ्या वायरींकडं बराच वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, "म्हंजे चिखलाला वीज पाजायची."

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. वर्षभर मी प्रत्येक पाहुण्याला दहा वाक्यांत जे सांगत होते, ते तू चार शब्दांत संपवलंस.

मग आपली गावं निघाली. दोघी वैजापूर तालुक्यातल्या, दहा कोसांच्या अंतरावरच्या. माझ्या आजोबांची काळी जमीन, आम्ही शिकायला म्हणून शहरातल्या गारखेड्यात येऊन राहिलेलो. तुझे वडील, आबा, मेंढरं घेऊन आठ महिने फिरतीवर. सुगी झाली की आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायला तुमच्यातलीच माणसं यायची. आमची आई त्यांना धान्य मोजून द्यायची आणि पाणी लांबून ओतायची. हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं नाही. पुढंही सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं असं मला आता वाटतं.

मग ती दुष्काळाची वर्षं लागली. शहर मात्र वाढतच होतं. बायपासच्या कडेला नव्या इमारती उभ्या राहत होत्या, प्रत्येक इमारतीच्या जाहिरातीत कारंजं असायचं, आणि आमच्या घरी आठवड्यातून एकदा नळ यायचा. कॉलेजात टँकर लागला. एक दिवस प्राचार्यांचा कागद आला, की प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बंद करा. बरोबरच होतं त्यांचं. एक लिटर शुद्ध पाणी काढायला ते यंत्र कितीतरी लिटर पाणी वाफ गार करण्यापायी वाहून घालवायचं. पण शुद्ध पाणी नाही म्हणजे प्रयोग नाही. मी हातपाय गाळून बसले.

तू दोन दिवस दिसली नाहीस. तिसऱ्या दिवशी दोन कॅन घेऊन आलीस. कॉम्प्युटर विभागात एसी दिवसभर चालतो, त्याच्या पाइपातून बाहेर भिंतीवर पाणी टपकत असतं. तू तिथं कॅन लावून आली होतीस.

"ही हवेतली वाफ हाय," तू म्हणालीस. "हिच्यात क्षार कुठून येनार? मोजून बघ."

"त्यात बुरशी असेल, धूळ असेल."

"गाळून घ्यू, उकळून घ्यू. आधी मोज तर."

मोजलं. आपल्या यंत्राच्या पाण्यापेक्षा फार वाईट नव्हतं. त्या उन्हाळ्यात आपलं सगळं संशोधन कॉम्प्युटरवाल्यांच्या थंड हवेवर चाललं. तेव्हाच एकदा कॅन उचलता उचलता तू थांबलीस आणि म्हणालीस, "माधुरी, गावाकडं बाया दोन दोन कोस हंडा घेऊन जात्यात आन् आपन पान्याचं इंधन कराय निघालो. हे बरोबर हाय का?" मी हिशेब सांगितला, की याला पाणी फार थोडं लागतं, पुढं सांडपाण्यावरही चालवता येईल. तू ऐकून घेतलंस. "मंग सांडपान्यावरच करायचं," म्हणालीस, आणि पुढं कधीही तो मुद्दा सोडला नाहीस. आज गच्चीवरची आपली मोठी टाकी वसतिगृहाच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर चालते, ती त्या वाक्यामुळं.

पण त्या वर्षी आपलं काही चालत नव्हतं. मी खाम नदीच्या काठचा काळा, ओला गाळ आणला होता. त्यातले बॅक्टेरिया इलेक्ट्रोडवर छान वाढायचे, मी त्यांना वेळेवर खाऊ घालायची, गॅसही निघायचा. आणि तपासणीच्या यंत्रात घातला की निम्म्याहून जास्त मिथेन! गाळातले दुसरे जीव आपला हायड्रोजन तयार झाल्या झाल्या खाऊन टाकत होते आणि मिथेन सोडत होते. एकदा, दोनदा, सहा वेळा. सरांनी स्पष्ट सांगितलं, की उन्हाळ्याच्या शेवटी समिती बसेल. हायड्रोजन दाखवा, नाहीतर दोघींनी विषय बदलून मुकाट्यानं प्लॅटिनमवर काम करा. माझी दोन वर्षं जाणार होती. तुझ्या घरी तर याच वर्षी कामाला यश आलं नाही तर लग्न, असं ठरलेलं होतं. तुझी शिष्यवृत्तीही संपत आली होती.

त्यावरच आपलं ते भांडण झालं.

तू म्हणालीस, "तू त्यांचे लाड करतीस. खानं बंद कर."

"उपाशी मरतील ते."

"मरतील ते मरू दे. उरतील ते आपल्या कामाचे. हे बघ, हिरवा चारा समोर असला की मेंढरू बाभळीच्या शेंगाला तोंड लावत नाय. तू त्यांना आयतं खाया घालतीस तवर ते विजेकडं कशाला बघतील? नुसती वीज ठिव म्होरं. आन् हा ओला गाळबी टाकून दे. आमच्या गावचा पाझर तलाव दोन वर्सं कोरडा हाय. त्यो भेगाळलेला गाळ आनते. उन्हात, हवेत दोन वर्सं पडलेला. तुझे मिथेनवाले हवा लागली की मरत्यात ना? मंग त्यात ते कमीच असनार."

आणि मी म्हणाले, "धुरपा, ही प्रयोगशाळा आहे. ही तुझी मेंढरं नाहीत."

नुसतं एवढंच वाक्य. पण ज्या आवाजात ते निघालं तो आवाज माझा नव्हता, लांबून पाणी ओतणाऱ्या आमच्या अंगणाचा होता. तुला तो ओळखू आला. तू ॲप्रन काढून खुंटीला लावलास आणि निघून गेलीस.

चार दिवसांनी परत आलीस ती स्टीलच्या डब्यात गाळ घेऊन. करड्या रंगाचे, हातात घेतले तर मोडणारे तुकडे. माझ्याशी एक शब्द न बोलता तू वेगळ्या बाटल्या मांडल्यास, गाळ भिजवलास, सुरुवातीला जगण्यापुरतं दिलंस आणि मग खाणं हळूहळू तोडत शून्यावर आणलंस. पाण्यात थोडा सोडा, क्षार आणि इलेक्ट्रोडमधली वीज, बास. मी माझ्या टेबलावर माझे गुटगुटीत बॅक्टेरिया सांभाळत बसले. तीन आठवडे आपण एका खोलीत दोन सवतींसारख्या राहिलो.

पहिले पंधरा दिवस तुझ्या बाटल्यांतला प्रवाह, म्हणजे जीव किती वीज घेतायत तो आकडा, पडत गेला. मी चोरून बघायची. मला आनंद होत होता, हे आज कबूल करते. मग एका सकाळी तो पडायचा थांबला. दुसऱ्या दिवशी किंचित वर सरकला. आठवडाभरात दुप्पट, मग चौपट. काळ्या इलेक्ट्रोडवर बारीक मोहरीएवढे बुडबुडे दिसायला लागले आणि सुटून नळीत चढायला लागले. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलंस. "तू घाल यंत्रात," म्हणालीस. "मला नुसतं बघू दे."

मी सुई भरली, यंत्रात सोडली. यंत्राच्या पडद्यावर आलेखात हायड्रोजनचा सुळका वर गेला, वर गेला, वरच जात राहिला. मिथेनच्या जागी जेमतेम एक उंचवटा. आपण परत केलं. तिसऱ्यांदा केलं. गाळ नसलेल्या कोऱ्या बाटलीचंही केलं, म्हणजे कुणी म्हणायला नको की ग्राफाइटच हायड्रोजन काढतंय. कोऱ्या बाटलीत नावालाही काही नव्हतं. मग तू मला उचललंस, धुरपा! पंचावन्न किलोच्या मला उचलून प्रयोगशाळेत गोल फिरलीस, आणि आवाज ऐकून आत आलेले सर दारातच उभे राहिले. त्यांनी आलेखाचा कागद बघितला, चष्मा पुसला, परत बघितला आणि म्हणाले, "गाळ कुठला?"

"आमच्या गावचा, सर," तू म्हणालीस. "दुस्काळातला."

समितीसमोर तू बोललीस. मी तुला प्रमाण भाषेतली वाक्यं पाठ करून दिली होती. दोन वाक्यांनंतर तू ती सोडून दिलीस आणि आपल्या बोलीत सगळं सांगितलंस. समितीतले एक गृहस्थ आधी गालात हसत होते. शेवटी तेच वही काढून लिहून घेत होते. विषय बदलायचं नाव कुणी काढलं नाही. तुझ्या लग्नाचंही कुणी काढलं नाही, कारण आबांनी म्हणे सोयऱ्यांना सांगितलं, "पोरीचं काम चालू हाय, मधी बोलू नगा."

आता ती न सांगितलेली गोष्ट. पहिला शोधनिबंध मी लिहिला, माझं इंग्रजी बरं म्हणून. माझं नाव पहिलं, तुझं दुसरं. तू हो म्हणालीस. त्यानंतर मी एकटी परगावच्या परिषदेला गेले, तुला तेव्हा ताप होता. तिथं एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी भर सभेत विचारलं, "वाळलेला गाळ आणि उपासमार, ही फार सुंदर कल्पना आहे. कुणाला सुचली?" मी म्हणाले, "आम्हाला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत आल्यावर तू विचारलंस, "काय म्हनले लोकं?" मी म्हणाले, "आवडलं." बस. मेंढरांच्या त्या वाक्याची माफी मी कधी मागितली नाही आणि वर तुझी कल्पना "आम्हाला" या शब्दात गुंडाळून टाकली. तू कधी काही म्हणाली नाहीस. उलट माझ्या नोकरीच्या मुलाखतीआधी रात्रंदिवस प्रश्न विचारून मला तयार करून घेतलंस. मी मनात म्हणत राहिले, सांगू कधीतरी. आपल्याला वेळ आहे.

वेळ नव्हता. आजारानं खंगून दवाखान्यातल्या खाटेवर तू इतकी लहान दिसायचीस, की मी पहिल्यांदा आले तेव्हा दुसऱ्याच बाईच्या खाटेकडं चालले होते. पण तोंड तुझं तेच होतं. मी डबा उघडायच्या आधी तू विचारायचीस, "प्रवाह किती?"

गच्चीवर आपण सौरपट्ट्या बसवल्या होत्या. मी म्हणत होते, मधे बॅटरी हवीच. ऊन गेलं की वीज जाणार, ढग आला की जाणार, आणि या जिवांना विजेशिवाय दुसरं खायला काही नाही. रोज संध्याकाळी उपाशी पडले तर आठवड्यात इलेक्ट्रोडवरून सुटून जातील. तू म्हणत होतीस, बॅटरी लागली तर आपल्या शोधाला अर्थच उरला नाही. जितकी महाग ती, तितकं आपलं इंधन महाग.

"ते तलावात दोन वर्सं कोरडे पडून राहिलेत, माधुरी. एका रातीनं काय व्हतंय त्यांना?"

"एक रात्र नाही, रोजची रात्र. आणि पावसाळ्यात चार चार दिवस ऊन नसतं."

"काढून तर बघ."

"चार वर्षांचं काम आहे. मेलं तर?"

तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, झोपलीस. मग म्हणालीस, "तू अजून त्यांचे लाडच करतीस." आणि हसलीस. मीही हसले. त्यानंतर आपण कधी त्यावर बोललो नाही. पुढच्या भेटीत तुला बोलवत नव्हतं.

तू गेल्यावर आठवडाभर मी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नाही. सातव्या दिवशी गेले. कुलूप उघडलं, वर गच्चीवर गेले आणि बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या. विचार करून केलं असं नाही. राग आला होता. तू नाहीस आणि ही बॅटरी आहे, याचा राग. पट्ट्यांच्या तारा सरळ टाकीला जोडल्या आणि घरी येऊन दार लावून घेतलं. वाटलं, मी तुला दुसऱ्यांदा मारलं.

दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा प्रवाह शून्यावर होता. ऊन गच्चीच्या कठड्यावर आलं, पट्ट्यांवर आलं. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं नाही. मग आकडा हलला. अर्ध्या तासात तो कालच्या जागी जाऊन उभा राहिला, जणू मधे काही झालंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवसापासून सलग तीन दिवस आभाळ भरून राहिलं, आकडा मेल्यासारखा पडून होता, आणि मी मनाची तयारी करून टाकली. आठव्या दिवशी ऊन पडलं. तासाभरात बुडबुडे! धुरपा, मी गच्चीवर एकटी नाचले. समोरच्या नव्या इमारतीवर प्लास्टर करणारे लोक काम थांबवून बघत होते. मी त्यांना हात केला, त्यांनीही केला.

काल मी सरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. परिषदेतला प्रश्न, माझं उत्तर, मेंढरांचं वाक्य, सगळं. सर म्हणाले, "मला वाटलं होतंच. मीही विचारलं नाही." नव्या निबंधात तुझं नाव पहिलं आहे. जुन्या निबंधाच्या मासिकालाही मी पत्र लिहिलंय, की मूळ कल्पना कुणाची होती. त्या मोठ्या बाईंनाही लिहिलं. त्यांचं उत्तर आजच आलं. त्यांना तुझ्या तलावाचा गाळ हवाय, त्यांच्याकडं वाढवून बघायला. मी कळवलं, की घरच्यांना विचारून पाठवते.

म्हणून आज आबांना आणि तुझ्या आईला बोलावून घेतलं. फाटकापर्यंत मी गेले, दोघांना हाताला धरून वर आणलं आणि आधी पाण्याचा तांब्या हातात दिला. आबा गाळाचं ऐकून म्हणाले, "तलाव काय आमचा नाय, गावाचा हाय. पन न्या. गावाला मी सांगतो." तुझी आई टाकीभोवती एक फेरी मारून आली. म्हणाली, "दिसत तर काईच नाय. माझ्या पोरीनं ह्यात केलं काय?"

मी टाकीवरच्या गॅसनं एक लहान परीक्षानळी भरली, तोंडावर अंगठा धरला आणि तुझ्या आईच्या हातात काडेपेटी दिली. "मी अंगठा काढला की काडी नळीच्या तोंडाशी धरा." तिनं पदर मागं सारला, काडी ओढली, मान लांब करून धरली.

ठाप!

तुझी आई दोन पावलं मागं सरली. आबांचा हात आपोआप डोक्यावरच्या फेट्याकडं गेला. नळीच्या आतल्या काचेवर पाण्याची पातळ वाफ धरली होती, ती मी त्यांना दाखवली.

"इवल्याशा नळीतून केवढा आवाज गं," तुझी आई म्हणाली.

"तिचाबी तसाच व्हता," आबा म्हणाले, आणि हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. मग त्यांनी माझ्याकडं हात पुढं केला. "आन ती काडी. आता मला लावू दे."

आम्ही तिघांनी मिळून आणखी पाच नळ्या भरल्या आणि पाचही वाजवल्या.